झाकण घट्ट लावलं, तरी बिअरचा गॅस जातो कुठे?

नळावरून थेट ग्लासात घेतलेली बिअर आणि तीच बिअर बाटलीत भरून घरी आणून दुसऱ्या दिवशी प्यायलेली, यांत एवढा फरक का पडतो? अशी बाटली ज्यानं एकदा तरी घरी आणली आहे, त्याला हा प्रश्न पडलेला असतो. पिंप तेच, नळ तोच. बाटली भरायला दोन-तीन मिनिटं लागली, झाकण आवळलं, घरी आल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवली. पहिल्या संध्याकाळी अर्धी संपली, छान लागली. दुसऱ्या संध्याकाळी मात्र फेस नावापुरता उरलेला, जिभेवरची चुरचुर गेलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव.

मग आळ येतो झाकणावर. कुणी झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद ताणून लावतो, कुणी बाटली आडवी ठेवून पाहतो. मीही झाकणं बदलून पाहिली आहेत. पण झाकण बहुतेक वेळा आपलं काम चोख करत असतं. घोळ होतो तो झाकणाच्या खाली आणि बिअरच्या वर, त्या मधल्या रिकाम्या जागेत. ही जागा नीट समजली की बाटली कशी भरून घ्यावी, किती मोठी घ्यावी आणि कधीपर्यंत संपवावी, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आधी पिंपात काय चाललेलं असतं ते पाहू

नळावर मिळणाऱ्या बिअरला ड्राफ्ट बिअर म्हणतात. ती स्टीलच्या बंद पिंपात, म्हणजे केगमध्ये असते. केग साधारण 3 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवलेला असतो आणि त्याला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असतो. बिअरमधले बुडबुडे याच वायूचे, म्हणून पुढे त्याला नुसतं 'गॅस' म्हणू. नळ उघडला की सिलिंडरमधला गॅस वरून दाब देतो आणि बिअर नळीतून वर चढते. जेवढी बिअर बाहेर गेली, तेवढी जागा गॅस लगेच भरून काढतो. केग अर्धा संपला तरी आत हवा शिरत नाही. तिथंही बिअरच्या वर रिकामी जागा असतेच, पण ती गॅसनं भरलेली असते आणि त्या गॅसवर कायम दाब असतो.

बिअरमध्ये गॅस किती आहे हे 'व्हॉल्यूम' या मापात सांगतात. एक लिटर बिअरमधला सगळा गॅस बाहेर काढून साध्या हवेच्या दाबाला मोजला तर तो किती लिटर भरेल, तो हा आकडा. बऱ्याचशा बिअरमध्ये तो 2.5 च्या आसपास असतो. एक लिटर द्रवात अडीच लिटर गॅस दाटीवाटीनं बसवलेला, वजनात सुमारे 5 ग्रॅम.

एवढा गॅस आत बसून राहतो याचं कारण इंग्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी 1803 साली मांडलेल्या नियमात आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर एखाद्या वायूचा जेवढा दाब, तेवढ्याच प्रमाणात तो वायू द्रवात विरघळतो. द्रव थंड असेल तर जास्त विरघळतो, गरम झाला की बाहेर पडतो. 3 अंशाच्या बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूम गॅस टिकवायचा तर भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे 11 पीएसआय (दाब मोजायचं एक माप) जास्त दाब लागतो. या नियमातले 'त्या वायूचा दाब' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या कुठल्या वायूचा कितीही दाब दिला तरी बिअरमधला कार्बन डायऑक्साइड जुमानत नाही. पुढे एका उपकरणाची फजिती कळायला हे उपयोगी पडेल.

ही घरी न्यायची बाटली आली कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लोक पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातून जवळच्या गुत्त्यातली बिअर घरी आणत. त्या डब्याला ग्राउलर म्हणत. हेलकाव्यांनी गॅस सुटून झाकणाखालून गुरगुरल्यासारखा आवाज येई, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. आजची काचेची, फिरकीच्या झाकणाची बरणी 1989 च्या सुमारास वायोमिंग राज्यातल्या ऑटो ब्रदर्स या छोट्या ब्रुअरीनं आणली असं मानलं जातं. तिचं प्रचलित माप अमेरिकी 64 औंस, म्हणजे सुमारे 1.89 लिटर. निम्म्या मापाची 946 मिलिलिटरची बाटलीही सर्रास मिळते.

पत्र्याच्या त्या डब्यातली बिअर तासाभरात संपायची, ती आठवडाभर टिकवावी असं कुणाच्या मनातही नव्हतं. ग्राउलर मुळात ने-आण करायचं भांडं आहे. आपण त्याच्याकडून साठवणीच्या बाटलीचं काम मागतो, आणि तिथून तक्रारी सुरू होतात.

झाकण घट्ट, मग गॅस गेला कुठे?

गेला नाही. तो बाटलीतच आहे, फक्त बिअरमध्ये नाही.

एका खोलीत माणसं खच्चून भरली आहेत आणि शेजारी तेवढाच मोठा रिकामा हॉल आहे, असं समजा. मधलं दार उघडलं की माणसं हॉलमध्ये पसरतात आणि दोन्हीकडची गर्दी जुळेपर्यंत पसरत राहतात. इमारतीच्या बाहेरच्या दाराला भक्कम कुलूप असलं तरी खोलीतली गर्दी कमी होतेच. बिअर ही खच्चून भरलेली खोली, वरची रिकामी जागा हा हॉल आणि झाकण हे बाहेरचं कुलूप.

आकड्यांत पाहू. 1.89 लिटरची बाटली अर्धी संपवून झाकण लावलं. उरली साधारण 950 मिलिलिटर बिअर, तिच्यात अडीच व्हॉल्यूमच्या हिशेबानं 2.4 लिटरच्या आसपास गॅस. वर तेवढीच, 950 मिलिलिटर रिकामी जागा, तीत हवा भरलेली. फ्रिजच्या 3 अंशाला एक लिटर बिअरमध्ये साध्या दाबाला सुमारे दीड लिटर गॅस विरघळतो. या आकड्यावरून हिशेब मांडला तर गॅस बिअरमधून वर येत राहतो आणि बिअरमध्ये सुमारे दीड व्हॉल्यूम उरला की थांबतो. झाकणातून कणभर गॅस न निसटताही बिअर अडीचवरून दीडवर आली! ओततानाच्या खळबळीत जो गॅस उडाला तो यात धरलेलाच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी झाकण फिरवलं की 'फिस्स' असा जोरदार आवाज येतो आणि वाटतं, वा, गॅस शाबूत आहे. तो आवाज म्हणजे रात्रभरात बिअर सोडून वर आलेला गॅस, आणि तो आता तुमच्या डोळ्यांदेखत खोलीच्या हवेत निघाला आहे. आवाज जितका मोठा तितकं बिअरचं नुकसान जास्त, असंही उघडलेल्या बाटलीबाबत म्हणता येईल. उरलेल्यातली पुन्हा अर्धी ओतून पाव बाटली तिसऱ्या दिवसासाठी ठेवली, तर तीत एक व्हॉल्यूमसुद्धा उरत नाही. चव घेऊन पाहिली तर बिअर सपाट लागते.

हा बदल एका क्षणात होत नाही. बाटली न हलवता थंड ठेवली तर गॅस सावकाश वर येतो, हेलकावे दिले तर झपाट्यानं येतो. म्हणून उघडी बाटली फ्रिजच्या दारात ठेवू नये. दार दिवसातून पंचवीस वेळा उघडतं आणि दर वेळी ती हिंदकळते.

त्या जागेत हवा आहे, हे दुसरं संकट

गॅस गेला तर बिअर मिळमिळीत होते, हवेतल्या ऑक्सिजननं मात्र ती जुनी होते. कापलेलं सफरचंद काळं पडतं, लोखंड गंजतं, तसाच हा प्रकार. ऑक्सिजन आधी हॉप्सचा सुगंध मारतो. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि फुला-फळांसारखा गंध देणाऱ्या वेलीची फुलं. हा गंध फार नाजूक असतो. मग माल्टची, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याची, चव बदलते, मधासारखी किंवा शिळ्या पावासारखी लागू लागते. त्यानंतर तो ओला पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या या वासाशी ट्रान्स-टू-नोनेनाल नावाच्या रसायनाचा संबंध जोडतात, आणि ते एक लिटर बिअरमध्ये एका मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या भागाइतकं असलं तरी नाकाला कळतं.

बिअर बाटल्यांत-डब्यांत भरणाऱ्या चांगल्या ब्रुअरी या बाबतीत किती काटेकोर असतात पाहा. एक लिटर बिअरमागे ऑक्सिजन एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आत ठेवायची त्यांची धडपड असते. आता आपली बाटली. ती पूर्ण भरली, पण वर पाच टक्के जागा राहिली आणि तीत साधी हवा असली, तर तेवढ्या हवेत जवळपास 28 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ब्रुअरीच्या मर्यादेच्या दीडशेपट. अर्धी रिकामी झालेल्या बाटलीत हा आकडा 270 मिलिग्रॅमच्या वर जातो. तो सगळा एका रात्रीत बिअरमध्ये मुरत नाही हे खरं, पण मुरायला भरपूर आहे.

म्हणूनच गडद, कडक, माल्टचा भर असलेली बिअर थोडा उशीर सोसते आणि हॉप्सच्या गंधावर उभी असलेली बिअर अजिबात सोसत नाही. दोन बाटल्या आणल्या असतील तर हॉप्सवाली आधी उघडावी.

अर्धी लढाई भरतानाच होते

बाटली घरी आल्यावर आपण जे करतो त्याहून नळाशी त्या दोन-तीन मिनिटांत जे होतं त्याला अधिक वजन आहे. त्यामुळे भरणाऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवायला संकोचू नये.

सर्वांत वाईट पद्धत म्हणजे बाटली नळाखाली धरून वरून धार सोडणं. धार उंचावरून पडते, खळबळ होते, गॅस फेसाच्या रूपानं उडतो आणि प्रत्येक थेंब हवेतून आंघोळ करत खाली येतो. गॅस कमी, ऑक्सिजन जास्त, दोन्ही नुकसानं एकाच फटक्यात.

बरी पद्धत म्हणजे नळाला बाटलीच्या तळापर्यंत पोचणारी नळी लावणं. बिअर तळाशी शांतपणे साचत वर येते आणि हवेला वर ढकलत जाते. त्याआधी नळीतून थोडा कार्बन डायऑक्साइड बाटलीत सोडला तर आणखी चांगलं. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यानं तळाशी बसतो आणि हवेला बाहेर काढतो. हे पांघरूण काही अभेद्य नसतं, वायू एकमेकांत मिसळतातच, पण फरक चवीत कळतो.

शेवटची पायरी फुकटची आणि तितकीच महत्त्वाची: फेस गळ्यातून वर येऊन काठावर डोकावला की त्या फेसावरच झाकण लावायचं. फेसाचे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात. फेसानं गळा भरला म्हणजे तिथं हवेला जागा राहिली नाही. फेस खाली बसला की उरलेली जागा गॅसची. फेस बसायची वाट पाहून, वरून पुसून, मग सावकाश झाकण लावणारा माणूस नीटनेटका वाटतो, पण तेवढ्या वेळात तो बाटलीत हवा घेत असतो.

बाटली थंड हवी, हेही आलंच. गरम काचेला बिअर लागली की गॅस उसळतो आणि अर्धी बाटली फेसच होते. घरून बाटली नेत असाल तर ती आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा.

काही ठिकाणी याहून पुढचं यंत्र असतं. त्यात बाटली आधी बंद करून केगमध्ये जेवढा दाब असतो तेवढ्या दाबानं गॅस भरतात, आणि मग तो गॅस हळूहळू सोडत बिअर आत घेतात. धरणाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्याची पातळी सारखी असली की दार उघडलं तरी पाणी उसळत नाही, तसं इथं दोन्हीकडे दाब सारखा असल्यानं बिअरला कळतही नाही की आपण घर बदललं. फेस जवळपास नाही, हवा जवळपास नाही. अशी सोय दिसली तर तीच निवडावी.

नळीबद्दल आणखी एक गोष्ट. केगपासून नळापर्यंतच्या नळ्यांत यीस्ट आणि जिवाणूंचा थर धरतो आणि त्यानं बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येऊ लागतो. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस या नळ्या दर 14 दिवसांनी रसायनानं धुवाव्यात अशी आहे. ग्लासात आत्ताच वास वेगळा येत असेल तर बाटलीत तो सुधारणार नाही, वाढेल. आधी एक घोट चाखून मगच बाटली भरून घ्या.

मग काठोकाठच भरून घेतली तर? रिकामी जागाच नको!

विचार बरोबर दिशेनं जातो आहे, पण इथं थांबा. ही गोष्ट चवीची नाही, इजा टाळण्याची आहे.

द्रव गरम झाला की थोडा फुगतो. दोन लिटरच्या आतबाहेरची बाटली 3 अंशांवरून 30 अंशांवर गेली तर आतला द्रव आठ-नऊ मिलिलिटरनं वाढतो. वर जागा असेल तर तिथला वायू दबतो आणि काम भागतं. जागाच नसेल तर द्रव दबत नाही, तो काचेला दाबतो. म्हणून साधारण पाच टक्के जागा सोडतात, बाटलीच्या गळ्याची सुरुवात ही तिची खूण. ती जागा हवी, फक्त तीत हवा नको. फेसावर झाकण लावण्याचं मोल इथं कळतं.

दुसरं, गॅसचा दाब. अडीच व्हॉल्यूमच्या बिअरवर 3 अंशाला 11 पीएसआय असलेला दाब 20 अंशाला 28 च्या आसपास जातो. कारच्या टायरमध्ये साधारण 32 असतो, म्हणजे खोलीत राहिलेली बाटली जवळजवळ टायरइतकी फुगलेली असते. 38 अंशाला हा आकडा 47 च्या घरात पोचतो. बंद गाडीत उन्हात यापेक्षा अधिक तापमान सहज होतं. साधी काचेची बरणी दाब पेलण्यासाठी बनवलेली नसते आणि तिच्यावर एखादा सूक्ष्म ओरखडा असला तरी ती तिथून फुटू शकते. भरलेली बाटली गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. चरा पडलेली, कपची उडालेली बाटली कितीही आवडती असली तरी टाकून द्या.

लवकर गार व्हावी म्हणून फ्रीजरमध्ये ठेवणंही तितकंच धोक्याचं. साधारण पाच टक्के अल्कोहोलची बिअर शून्याच्या दोन-तीन अंश खाली गोठू लागते, आणि पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं. वर सोडलेली जागा पाच टक्के. हिशेब स्पष्ट आहे.

ऊन आणि उकाडा

बाटल्या तपकिरी का असतात? हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यांचे तुकडे होतात आणि त्यातून गंधकयुक्त एक रसायन तयार होतं. स्कंक हा प्राणी बचावासाठी जी दुर्गंधी फवारतो तिच्या जातकुळीतलं. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढं पुरतं. प्रकाशानं बिअरला वास येतो याची नोंद कार्ल लिंटनर यांनी 1875 सालीच केली होती. पारदर्शक काचेत, थेट उन्हात, हे काही मिनिटांत घडतं. हिरवी काच फारशी आड येत नाही, तपकिरी काच घातक प्रकाशाचा बराचसा भाग अडवते आणि धातूचं भांडं सगळाच. काचेच्या दाराच्या, आत दिवा जळत असलेल्या फ्रिजमध्येही हा त्रास हळूहळू होतो.

उकाड्याचं गणित सांगायला बिअरच्या धंद्यात 3-30-300 असा एक ठोकताळा वापरतात. बंद बाटलीतली बिअर 32 अंशाला 3 दिवसांत जेवढी जुनी होते, तेवढी 22 अंशाला 30 दिवसांत आणि 3 अंशाला 300 दिवसांत. हा नियम कारखान्यात नीट भरलेल्या बाटलीसाठी आहे, ग्राउलरला 300 दिवस कुणी देऊ नयेत. पण प्रमाण लक्षात घ्या. उकाड्यातला एक दिवस फ्रिजमधल्या शंभर दिवसांना भारी पडतो. घरी आणतानाचा तासभराचा प्रवासही म्हणूनच बर्फाच्या पिशवीत व्हावा. ड्राफ्ट बिअर पुष्कळदा पाश्चरायझेशन न केलेली असते, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवलेली नसते, त्यामुळे तिला थंडाव्याची गरज आणखी जास्त.

हाताच्या पंपानं दाब भरला तर गॅस टिकेल का?

सोड्याच्या बाटल्यांसाठी मिळणारा छोटा पंप अनेकजण यासाठी वापरतात. झाकणावर दाबत राहायचं, बाटली टणक होते, समाधान वाटतं. पण तो पंप भरतो खोलीतली हवा. हेन्रींचा नियम आठवा: कार्बन डायऑक्साइडला रोखायला कार्बन डायऑक्साइडचाच दाब लागतो आणि हवेत तो नगण्य असतो. त्यामुळे गॅस पूर्वीसारखाच वर येत राहतो आणि आपण मात्र त्या जागेत दुप्पट ऑक्सिजन कोंबून बसतो, जो दाबामुळे अधिकच विरघळतो. काहीही न करणं यापेक्षा चांगलं.

खरा उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी आणि दाब ठरवणारी चावी असलेलं स्टीलचं भांडं. ते घरातलं छोटं केगच. बिअर ओतली की तिच्या जागी गॅस येतो, हवा येतच नाही. 8 ग्रॅमच्या नळकांड्यातून साध्या दाबाला सुमारे 4 लिटर गॅस निघतो आणि दोन लिटरच्या आतबाहेरचं एक भांडं रिकामं करायला तो पुरतो. अशा भांड्यात उघडलेली बिअरही आठवडा-दोन आठवडे छान राहते. जो माणूस दर वेळी थोडी थोडी पितो त्याच्यासाठी मला हेच योग्य वाटतं. मात्र नळकांडं खाण्याच्या पदार्थांसाठीचंच हवं. सायकलच्या चाकात हवा भरायच्या नळकांड्यात तेलाचा अंश असू शकतो. क्रीम फेटायच्या नळकांड्यात तर नायट्रस ऑक्साइड हा वेगळाच वायू असतो. दिसायला दोन्ही अगदी सारखी. आणि साध्या काचेच्या बाटलीवर अशी चावी कधीही बसवू नका. भांडं त्या दाबासाठी बनवलेलंच हवं.

स्टीलच्या दुहेरी भिंतीच्या साध्या बाटल्या, चावीशिवायच्या, ऊन अडवतात, थंडावा कित्येक तास टिकवतात, फुटत नाहीत. पण अर्ध्या रिकाम्या झाल्यावर त्यांचीही गत काचेसारखीच, कारण रिकामी जागा स्टीलमध्येही रिकामीच असते.

डब्यात भरून देतात ते काय असतं?

काही ठिकाणी बाटलीऐवजी ॲल्युमिनियमचा मोठा डबा तुमच्यासमोर नळावर भरतात आणि छोट्या यंत्रानं त्याचं झाकण कडेनं दुमडून पक्कं बंद करतात. याला क्राउलर म्हणतात. कोलोरॅडोतल्या ऑस्कर ब्लूज ब्रुअरीनं डबे बनवणाऱ्या बॉल कंपनीच्या साथीनं ही कल्पना पुढे आणली. माप बहुधा 946 मिलिलिटर. प्रकाश शून्य, धुण्याची कटकट नाही, झाकण बिनचूक. आधी आत गॅस सोडून मग भरलेला आणि थंड ठेवलेला डबा दोन-चार आठवडे तग धरतो. पण एकदा उघडला की बंद करता येत नाही.

मला डब्याचा खरा फायदा त्याच्या आकारात वाटतो. दोन लिटरची एक बाटली आणि एक-एक लिटरचे दोन डबे यांत बिअर तेवढीच, पण एक डबा उघडला तरी दुसऱ्याला रिकाम्या जागेची झळ लागत नाही. बाटल्या घेतानाही हेच करता येतं. एका बैठकीत जेवढी संपेल तेवढ्याच मापाची बाटली घ्यावी. मोठी आणून, फुकट जाईल म्हणून घाईनं संपवणं ना चवीला बरं ना शरीराला.

मग नक्की किती दिवस?

नळाखाली साधेपणानं भरलेली, न उघडलेली, सतत थंड ठेवलेली काचेची बाटली दोन-तीन दिवसांत उघडावी. आधी आत गॅस सोडून, तळापासून, फेसावर झाकण लावून भरलेली आठवडाभर चालते. सारख्या दाबाच्या यंत्रानं भरलेली काही आठवडे. आणि कुठल्याही पद्धतीनं भरलेली, एकदा उघडली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नायट्रोजन मिसळलेली दाट फेसाची स्टाउट, म्हणजे गडद बिअर, असेल तर बाटलीत नेऊच नये. नायट्रोजन बिअरमध्ये फार थोडा विरघळतो आणि नळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रांच्या तबकडीतून जाताना तो सायीसारखा फेस तयार होतो. बाटलीत ना तो दाब, ना ती तबकडी.

बाटली धुताना

बाटली रिकामी झाली की लगेच, त्याच रात्री, पाण्यानं तीन-चारदा खळबळून घ्या. ओल्या बिअरला पाणी पुरतं, वाळलेला थर बोळ्यानं घासूनही निघत नाही. साबणाचा अंश आणि तेलकटपणा फेस मारतात, म्हणून साबण वापरलाच तर भरपूर पाण्यानं काढा. मग बाटली उलटी करून, झाकण न लावता वाळू द्या. ओली बाटली बंद करून ठेवली की कुबट वास बसतो, आणि तो बहुतेक वेळा काचेत नसतो, झाकणाच्या रबरी चकतीत असतो. ती चकती काढून धुवावी, कडक झाली की बदलावी. झाकणाचा खरा दोष असलाच तर तो एवढाच.

शिळी बिअर प्यायली तर त्रास होतो का?

हा प्रश्न हमखास येतो. बिअरमध्ये अल्कोहोल असतो, हॉप्स असतात, ती आम्लधर्मी असते आणि तिच्यात जंतूंना लागणारी साखर फारशी उरलेली नसते. आजार पसरवणारे जंतू अशा ठिकाणी सहसा वाढत नाहीत. तिच्यात वाढतात ते आंबवणारे जिवाणू. त्यांनी बिअर आंबट होते, लोण्यासारखी लागते, हवा मिळाली तर शिरक्याकडे झुकते. तेव्हा चार दिवसांची सपाट बिअर चुकून प्यायलात तर घाबरायचं कारण नाही. अर्थात बाटलीत बुरशी दिसली, चिकट तार सुटली किंवा वास नाकाला नकोसा झाला तर ती सरळ मोरीत ओतावी. आणि न उघडलेली बाटली उकाड्यात राहून गेली असेल तर ती आधी दिवसभर फ्रिजमध्ये थंड होऊ द्यावी, मग वर फडकं धरून, तोंड आपल्यापासून लांब ठेवून, झाकण अगदी सावकाश फिरवावं.